टेकलेली अक्षरे, टांगलेली अक्षरे

संकेतस्थळाची मांडणी शिकायला बसलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी जी फाइल तयार करतो, तिच्या सुरुवातीच्या ओळी तो स्वतः लिहीत नाही. एक चिन्ह टंकून कळ दाबली की एचटीएमएलचा तयार सांगाडा पडद्यावर उमटतो. त्या सांगाड्याच्या दुसऱ्या ओळीत पानाची भाषा नोंदवलेली असते आणि ती नोंद ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, अशी असते. पुढे विद्यार्थी त्या पानावर तुकारामांविषयी लिहो, नाहीतर गावच्या पतसंस्थेची माहिती देवो, ही नोंद बहुधा तशीच राहते. शिकवणारा तिच्याकडे लक्ष वेधत नाही, कारण पान दिसायला ठीक दिसते. पण अंध वाचकासाठी पान वाचून दाखवणारी प्रणाली हीच नोंद पाहून आवाज निवडते आणि मराठी मजकूर इंग्रजी उच्चारांच्या हवाली होऊ शकतो. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे ठेवलेले असतात, तेथेही ब्राउझर याच नोंदीवरून त्यांची निवड करतो. नोंद चुकीची असेल तर मराठी वाचकासमोर हिंदी वळणाची अक्षरे येतात.

ही नोंद दोन अक्षरांची आहे आणि ती बदलायला क्षणही लागत नाही. तरीही ती बदलली जात नाही. त्याचे कारण मला या विषयाच्या प्राथमिक धड्यांत दिसते. प्रस्तुत लेखात वेब आणि ग्राफिक डिझाइनच्या या पायाभूत धड्यांची समीक्षा करायची आहे. पुस्तके, वर्गातील टिपणे, चित्रफिती, खाजगी क्लासची पत्रके अशा अनेक रूपांत हे धडे आढळतात, पण त्यांचा गाभा एकच असतो. तो गाभा वाईट नाही. उलट पुष्कळ विचाराने घडलेला आहे. माझा आक्षेप एवढाच, की तो एका लिपीच्या अनुभवातून निघालेला असून सर्व लिप्यांचा म्हणून शिकवला जातो.

पायाभूत म्हणजे कोणाचे?

कोणताही प्राथमिक धडा घ्या. अक्षराची ओळख करून देताना प्रथम एक आडवी रेषा काढली जाते, तिला ‘बेसलाइन’ म्हणतात. रोमन अक्षरे या रेषेवर टेकून उभी असतात. मग छोट्या अक्षरांची उंची, तिच्यावर डोके काढणारे दांडे, रेषेखाली उतरणाऱ्या शेपट्या, असे शरीरशास्त्र शिकवले जाते. त्यानंतर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद, तिरपे वळण, ठळक वळण, अक्षरांमधील अंतर, ओळींमधील अंतर, आणि शेवटी या साऱ्यातून साधायची मजकुराची प्रतवारी: आधी काय वाचले जावे, नंतर काय.

देवनागरी अक्षर टेकलेले नसते, टांगलेले असते. जुन्या पोथ्यांत ओळ आखली जाई ती अक्षरे खाली लोंबण्यासाठी. शिरोरेषेच्या वर एक मजला आहे, त्यात वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार राहतात. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर. तळमजल्यावर उकार, ऋकार आणि उभ्या जोडाक्षरांचे खालचे अवयव. ‘र्वो’ लिहिताना वरचा मजला भरतो, ‘हृ’ लिहिताना खालचा. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला हे तीन मजले हाताने भरावे लागत, त्यामुळे त्यांचे भान त्याच्या बोटांत असे. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती आकृतीतली एक बेसलाइन दिली जाते आणि स्वतःच्या लिपीचा आधार वर आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

आता हे प्राथमिक नियम मराठी मजकुराला एकेक लावून पाहू.

शीर्षकाच्या ओळी जवळ घ्याव्यात, त्यांची ओळउंची अक्षराच्या १.१ पट ठेवावी, असा आकडा सर्रास सांगितला जातो. रोमन शीर्षकाला तो शोभतो. पण ‘हृदयशस्त्रक्रियेसाठी’ या शब्दाखालच्या ओळीत ‘सर्वोत्कृष्ट’ आला की वरच्या ओळीचा ऋकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांच्या अंगावर जातात. विद्यार्थी मग शब्द बदलतो किंवा अक्षर बारीक करतो. नियम बदलावा हे त्याला सुचत नाही, कारण तो नियम ‘पायाभूत’ म्हणून त्याच्याकडे आलेला असतो.

शीर्षकाला भारदस्तपणा यावा म्हणून अक्षरांमध्ये अंतर सोडावे, असा दुसरा धडा. रोमन कॅपिटल अक्षरांना त्याने खरोखरच ऐट येते. देवनागरीत तोच आकडा भरला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आपल्या लिपीत शब्द हे एकसंध शिल्प आहे, शिरोरेषा त्याची तुळई आहे. तुळई कापली की वाचक एकेक अक्षर वेचत वाचतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द असा विसविशीत सुटलेला फलकांवर आणि पडद्यांवर रोज दिसतो. ती रचनाकाराची बेफिकिरी नव्हे. त्याने शिकलेला धडा इमानाने गिरवलेला असतो.

तिसरा धडा भर देण्याचा. शब्द तिरपा करा किंवा कॅपिटल अक्षरांत लिहा. तिरपे रोमन वळण १५०१ च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियसच्या छापखान्यात पुस्तकी छपाईत आले, त्यामागे तिथल्या हस्ताक्षराची परंपरा होती. देवनागरीत कॅपिटल नाहीत, आणि संगणकावर दिसणारे तिरपे देवनागरी बहुतेक वेळा यंत्राने सरळ अक्षर ढकलून वाकवलेले असते. शिवाय मराठीला भर देण्यासाठी अक्षर वाकवण्याची गरज तुलनेने कमी भासते. ‘तो आला’, ‘तोच आला’, ‘तो आलाच’, ‘तोही आला’. आपला भर भाषेच्याच पोटात असतो. जे काम इंग्रजी वाक्यात तिरप्या वळणाला करावे लागते, ते आपल्याकडे पुष्कळदा ‘च’ करतो. मांडणी शिकवणाऱ्याला व्याकरणाची एवढी जाण हवी, असे म्हणणे जास्तीचे ठरू नये.

चौथी गोष्ट नमुना मजकुराची. मांडणी करताना खरा मजकूर हाती नसेल तर ‘लोरेम इप्सम’ भरतात. सिसेरोच्या इ.स.पूर्व ४५ मधील एका लॅटिन ग्रंथातील उताऱ्याची ही मोडतोड आहे. १९६० च्या दशकात लेट्रासेटच्या चिकटअक्षरांच्या पत्र्यांमुळे आणि १९८० च्या दशकात पेजमेकरमुळे ती सर्वत्र पोहोचली. अर्थ लागू नये आणि नजर केवळ मांडणीवर राहावी, हा तिचा हेतू. पण तिच्यात शब्द आखूड आणि अक्षरे एकमजली आहेत. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’, ‘महानगरपालिकेकडून’ असे शब्द भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर अर्धी ओळ खातात. लॅटिनवर बेतलेल्या चौकटीत ते मावत नाहीत. मग बटणावरचा मजकूर कापला जातो, तक्त्याचा स्तंभ फुटतो आणि ‘मराठी फार जागा खाते’ असा शेरा पडतो. दोष भाषेच्या पदरात पडतो, तपासायला हवा होता तो नमुना.

यंत्राची अडचण आणि शिक्षणाची अडचण

यावर एक उत्तर ठरलेले आहे: देवनागरी गुंतागुंतीची आहे, तंत्राला ती पेलत नाही. हे उत्तर एके काळी खरे होते, म्हणून ते तपासले पाहिजे.

महाराष्ट्रात मराठी छपाईचा आरंभकाळ पाहिला तर त्यात कारागिरांनी लिपीसाठी यंत्र वाकवलेले दिसते. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे लहान आकाराचे खिळे घडवले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरमध्ये राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी तर सुबकपणाचा मानदंडच घालून दिला. जोडाक्षरांसह पूर्ण देवनागरी जुळवायला शेकडो खिळे लागत आणि ते बाळगण्याची तयारी त्या माणसांनी ठेवली होती.

विसाव्या शतकात गणित उलटले. टंकलेखन यंत्र आले, लायनोटाइप आले. लायनोटाइपच्या कळफलकावर ९० कळा. आता लिपीने यंत्राच्या मापात बसावे अशी मागणी सुरू झाली. केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा टिळकांचा खटाटोप, अ ची बाराखडी करून ‘अि, अी, अु’ लिहिण्याचा सावरकरांचा आग्रह, विनोबांची लोकनागरी, हे सारे प्रयत्न वेगवेगळ्या हेतूंचे असले तरी छपाईची सोय हा त्यांच्यातला समान धागा होता. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणावी असे सुचवले. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि पुढे ती सूचना मागे घ्यावी लागली. या सुधारकांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर खरी अडचण होती, छापील मराठी स्वस्त आणि झटपट व्हावी ही त्यांची तळमळही खरी होती.

१९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. नव्वदच्या दशकातच ओपनटाइप हे फॉन्टचे तंत्र पुढे आले. त्यात अक्षरांची जोडणी, वेलांटीची जागा, रफाराची उडी हे सर्व फॉन्टमध्येच सांगून ठेवता येते. कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला. २००८ च्या युनिकोड आवृत्तीत मराठीचा ‘ॲ’ स्वतंत्रपणे दाखल झाला. त्यानंतर मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘हिंद’ आणि ‘पॉपिन्स’ हे फॉन्ट मोफत उपलब्ध झाले. टिरो टाइपवर्क्सने तर देवनागरीच्या मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा वेगळ्या आवृत्त्या केल्या. आता एका फॉन्टमध्ये हजार आकार ठेवले तरी कुणाचे कपाट भरत नाही. अनेक दशके लिपीला वाकवणारी यंत्राची अडचण आपल्या डोळ्यांदेखत संपली.

शिक्षणाची अडचण मात्र संपली नाही. याचा पुरावा मासलेवाईक आहे. चित्रसंपादनाच्या आणि पानमांडणीच्या प्रचलित आज्ञावलींत, विशेषतः त्यांच्या जुन्या आवृत्त्यांत, भारतीय लिप्यांसाठीचा रचनापर्याय पसंतीच्या यादीत आत कुठेतरी निवडावा लागतो. तो निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. लखनौची जी सूचना समाजाने नाकारली, ती केवळ एक खूण करायची राहिल्याने लग्नपत्रिकांवर आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवर अमलात येते. सोय आहे, पण ती कुठे आहे हे पहिल्या आठवड्यात शिकवले जात नाही. म्हणून विद्यार्थी युनिकोड सोडून जुन्या, सांकेतिक फॉन्टकडे वळतो. तिथे अक्षर दिसते मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन चिन्हे. तो मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक होतो. अशा फाइलींत अडकलेला मराठी मजकूर वर्षागणिक वाचता न येण्याच्या वाटेवर आहे.

गौरवाचा विषय आणि अभ्यासाचा विषय

कुणी म्हणेल, आपल्याकडे अक्षरांची जाण कमी कुठे आहे? खरे आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी लिहिली की नाव वाचतानाच नाटकाची जात कळावी. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून सुलेखनाला नवे वळण दिले. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांचे स्थान वाचकांना सांगायला नको. उपयोजित कलेचे शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये कित्येक पिढ्या चालू आहे; पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात र. कृ. जोशींनी शिकवले.

पण या सगळ्या वैभवाकडे आपण कसे पाहतो? सुलेखनाची प्रदर्शने भरतात, प्रात्यक्षिकांना गर्दी होते. आपण गौरव करतो तो मोठ्या, एकट्या, नटलेल्या अक्षराचा. पानभर मजकुरातले बारीक अक्षर, ज्याने वाचन घडते, त्याच्या वाट्याला ना प्रदर्शन येते ना धडा. बापूराव नाईकांनी या बारीक अक्षराचा, खिळ्यांचा, मापांचा, वळणांचा प्रचंड अभ्यास केला. ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा त्यांचा त्रिखंड ग्रंथ १९७१ मध्ये मुंबईच्या भाषा संचालनालयाने काढला. तो इंग्रजीत आहे, हा एक योगायोग सोडून देऊ. पण त्यातली दृष्टी सुटसुटीत करून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती देणारे पाठ्यपुस्तक मराठीत रुळलेले नाही. देवनागरी आपल्याकडे अभ्यासक्रमाच्या दर्शनी भागात अभिमान म्हणून आणि आतल्या भागात अपवाद म्हणून नांदते.

अपवाद म्हणून शिकवण्याचा परिणाम दूरगामी असतो. मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी ज्या लिपीत विचार करायला शिकला, तीच लिपी त्याला वर्गात ‘प्रॉब्लेम’ म्हणून भेटते. आधी इंग्रजीत रचना करायची, शिक्षकाची शाबासकी मिळवायची, आणि ग्राहकाने मागितलेच तर शेवटी मराठी ‘टाकायची’. हे क्रियापद मी मुद्दाम वापरतो, कारण धंद्यात तेच रूढ आहे. भाजीत मीठ टाकावे तशी मराठी टाकली जाते.

याची किंमत वाचक मोजतो. प्रवेशप्रक्रियेचे वेळापत्रक, सातबारा, पाणीपट्टीचे देयक आता पडद्यावर वाचावे लागते. ओळी एकमेकींत घुसलेल्या, शिरोरेषा तुटलेल्या, ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झालेले पान समोर आले की वाचक रचनाकाराला दोष देत नाही. मराठीत वाचणे अवघड, असे ठरवून तो वरच्या कोपऱ्यातली इंग्रजीची कळ दाबतो. इंग्रजी येत नसेल तर तो वाचणे सोडतो आणि शेजारच्या मुलाला विचारतो.

कायद्यालाही हीच उणीव भोवते. २०२२ च्या दुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे बंधन आले. योग्यच झाले. पण अक्षराचा आकार मोजायचा कुठून कुठे? मात्रा आणि उकार धरून, की शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत? दोन्ही लिप्यांना संगणकात एकच आकडा दिला तरी तीन मजले सामावून घ्यायचे असल्याने देवनागरीचा मधला मजला अनेक फॉन्टमध्ये रोमन कॅपिटल अक्षराहून बुटका उतरतो. आकड्याने कायदा पाळला जातो आणि डोळ्यांना मराठी लहानच दिसते. हा हिशेब पाटी रंगवणाऱ्या जुन्या पेंटरला नजरेने येत असे. तो पदविकाधारकाला यायला हवा असेल तर कुणीतरी शिकवला पाहिजे.

मग धडे कोणते?

एक आक्षेप उरतो. विरोध, जवळीक, समतोल, पुनरावृत्ती ही तत्त्वे तर सर्वत्र सारखीच आहेत ना? आहेत. पण तत्त्व सार्वत्रिक असले तरी ते साधायची साधने लिपीगणिक वेगळी असतात. गणित तेच असले तरी पायली आणि लिटर यांचे कोष्टक वेगळे पाठ करावे लागते. शिवाय विद्यार्थ्याला इंग्रजी नको असे कोण म्हणते? त्याला दोन्ही लिप्यांत काम करायचे आहे. रोमनचे धडे ठेवावेत, पण ‘रोमनचे धडे’ या नावाने. मग दुसऱ्या लिपीचेही धडे लागतात, हे आपोआप लक्षात येईल.

पहिल्या सत्रात बसतील असे ते धडे फार नाहीत. अक्षराची मोजणी शिरोरेषेपासून सुरू करावी आणि तीन मजले काढून दाखवावेत. ओळउंची ठरवताना ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘राष्ट्रीय’, ‘सर्वोत्कृष्ट’, ‘हृदय’ असे दोन्ही टोके गाठणारे शब्द एकाखाली एक ठेवून तपासावे. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे शब्द नव्या फॉन्टची पहिली परीक्षा म्हणून वापरावेत. अक्षरांमधील अंतराचा आकडा देवनागरीसाठी शून्यावर ठेवावा. प्रतवारी आकार, जाडी, रंग आणि मोकळ्या जागेने साधावी, आणि जाडी वाढवताना ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ह्म’ यांच्या पोटातली जागा बुजत नाही ना, हे पाहावे. नमुना मजकूर मराठीच घ्यावा, तोही जोडाक्षरांनी आणि प्रत्ययांनी भरलेला. एखादी शासकीय अधिसूचना या कामी उत्तम. शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचे आणि ल, श यांच्या वळणांचे प्रमाणीकरण केले, ते विद्यार्थ्याला ठाऊक असावे. आणि पानाच्या दुसऱ्या ओळीत ‘ईएन’च्या जागी ‘एमआर’ लिहावे.

यातल्या एकाही गोष्टीला नवे यंत्र, मोठे अनुदान किंवा परदेशी तज्ज्ञ लागत नाही. परीक्षेत एक प्रश्न पुरेल: दोन ओळींचे मराठी शीर्षक आणि एक परिच्छेद मांडा, आणि घेतलेल्या प्रत्येक मापाचे कारण लिहा. गुण मांडणीला द्यावेत तसे कारणालाही द्यावेत. ज्या दिवशी हा प्रश्न पहिल्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत ऐच्छिक नव्हे तर अनिवार्य म्हणून छापला जाईल, त्या दिवसापासून शिकवणाऱ्यालाही हे धडे तयार करावेच लागतील.